पालथी वाटी

आमच्या घरी स्टीलच्या सहा छोट्या वाट्या होत्या. दहाएक वर्षांपूर्वी त्यांतली एक कमी झाली. मी हिला विचारलं, "सहावी वाटी कुठे गेली?"

"कामाला लागली," ही म्हणाली.

मी पुढे विचारलं नाही. हिचं बोलणं असं अर्धंच असायचं. उरलेलं अर्धं कधीतरी कळेल, घाई काय आहे, असं मला वाटायचं.

वाटी रविवारच्या खेळात कामाला लागली होती. खेळ असा : टेबलाभोवती चार माणसं बसतात. एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. सांगणारा म्हणतो, समोर दार आहे, कुलूप लावलंय. चोर झालेला म्हणतो, मी ते उघडतो. मग वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा आला तर कुलूप उघडलं, लहान आला तर हात हलवत परत. शेवटी कोणी जिंकत नाही. गोष्ट पुढे जाते, एवढंच. हे मला आता माहीत आहे. तेव्हा एवढंच माहीत होतं, की रविवारी चार ते सात आपलं जेवणाचं टेबल आपलं नसतं.

गोष्ट सांगायचं काम हिचं. खेळायला यायचे तिघे : हिची धाकटी बहीण, पलीकडच्या रस्त्यावरची दातांची डॉक्टरीण, आणि चष्म्याच्या दुकानाचा मालक. त्याला आम्ही चष्मेवालाच म्हणतो. शांत माणूस, आवाज लोण्यासारखा. हिला बारीक आकडे दिसायचे नाहीत म्हणून त्याने कुठून तरी लिंबाएवढा मोठा फासा मागवून दिला होता. ही तो मला दाखवत म्हणाली होती, "बघा, माझा चष्मा बदलायचा सोडून त्यांनी फासाच बदलला!" आणि पोट धरून हसली होती. मी हसलो नव्हतो.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. रविवारी कोणी ना कोणी कुठे ना कुठे अडकतंच, म्हणून रविवारची बोलावणी मी मुद्दाम माझ्याकडे घेतली होती. ही म्हणायची, "एकदा बसा ना आमच्यात." मी म्हणायचो, "तुमचा पोरखेळ चालू द्या." सातला परत आलो की जिन्यापर्यंत हसण्याचा आवाज यायचा. मी दार उघडलं की तो खाली बसायचा. ते तिघे उठून चपला शोधायला लागायचे. माझ्या पोटात दुखायचं. बायको माझी, घर माझं, आणि हसणं यांचं. पण हे बोलून दाखवायला तोंड पाहिजे, ते माझ्याकडे नव्हतं.

मागच्या वर्षी ही गेली. सात महिन्यांनी धाकटी आली. ती खुर्चीत टेकली, उठली, पुन्हा टेकली.

"भावजी, एक मागायचंय. ताईच्या वह्या आणि रविवारी हे टेबल. आमची गोष्ट नदीच्या काठावर अडकलीय. पुरी करायची आहे."

"सांगणार कोण?"

"चष्मेवाले."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "टेबल देतो," मी म्हणालो, "पण मीही खेळणार."

धाकटी माझ्याकडे बघत राहिली. "ताईने नऊ वर्षं बोलावलं, तेव्हा पालथ्या घड्यावर पाणी. आणि आता?"

"आता खेळणार."

"या मग," ती म्हणाली. दारात चपला घालताना थांबली. "आणि ती लिफ्ट तेवढी चालू असू दे. ताईच्या शेवटच्या महिन्यात लिफ्टवाल्याच्याच इमारतीतली लिफ्ट बंद होती. चार मजले तिला उतरवावं लागलं. मी ते विसरलेली नाही."

मी दार लावून घेतलं.

पहिल्या रविवारी तिघे आले. हिच्या खुर्चीत कोणी बसायचं नाही, असं मी आधीच सांगून टाकलं. चष्मेवाल्याने गॅलरीतलं स्टूल आणलं आणि काचेच्या कपाटाकडे पाठ करून बसला. समोर एक जाड पुठ्ठा उभा केला. सांगणाऱ्याचा फासा आणि वह्या त्याच्यामागे असतात, खेळणाऱ्यांना दिसू नयेत म्हणून. टेबलाच्या मधोमध त्याने माझी सहावी वाटी ठेवली.

"ही काकूंची वाटी," डॉक्टरीण म्हणाली. ती पस्तिशीची आहे, मला काका म्हणते. "गोष्टीत असं काही आलं की जे ऐकवत नाही, तर वाटी पालथी घालायची. गोष्ट तिथेच थांबते, दुसरीकडे वळते."

"का थांबवली, ते सांगायचं?"

"नाही. कोणी विचारायचंही नाही. तोच नियम आहे."

"मग कोणीही उठेल आणि वाटी पालथी घालेल."

"नऊ वर्षांत चार वेळा घातलीय, काका."

मी कोण होणार, असं विचारलं. मला काही सुचेना, म्हणून म्हटलं, पहारेकरी. धाकटी हसली. "शोभतंय. नऊ वर्षं दाराबाहेरच होतात." ती स्वतः हाडवैद्य होती, डॉक्टरीण चोर. डॉक्टरीण म्हणाली, "पहिलाच दिवस आहे. काकांना कच्चं लिंबू धरू या का?" लहानपणी खेळात धाकटं भावंड घ्यावंच लागायचं. ते बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही, ते नुसतं सगळ्यांबरोबर पळत असतं. ते कच्चं लिंबू.

"मी साठ वर्षांचा आहे," मी म्हणालो.

"थट्टा केली हो," ती म्हणाली.

गोष्ट सुरू झाली. आम्ही नदीच्या काठी होतो. पलीकडे जायला एकच नाव, आणि नाव चालवणारी एक म्हातारी. चष्मेवाल्याने खांदे पुढे घेतले, मान तिरकी केली आणि घोगऱ्या, नाकातल्या आवाजात म्हणाला, "काय रे बाबा, चढतोस की नुसता काठावर वाळतोस?"

डॉक्टरीण आणि धाकटी एकदम हसल्या, आणि हसता हसता दोघींचे डोळे भरले. धाकटी म्हणाली, "अगदी ताई! तस्सं!"

तो हिचा आवाज होता. म्हणजे हिने त्या म्हातारीसाठी काढलेला आवाज. बत्तीस वर्षं मी हिच्याबरोबर राहिलो. हिचा रागाचा आवाज मला माहीत होता, झोपेतला, तापातला माहीत होता. हा मी कधीच ऐकला नव्हता. आणि तो या माणसाच्या घशात होता.

मी हात पुढे केला आणि वाटी पालथी घातली.

चष्मेवाल्याने मान हलवली. "ठीक आहे. नाव आज नाही. काठाने चालत जा, पुढे जुनी गढी आहे." कोणी काही विचारलं नाही. मला चोरी करून सुटल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

त्यानंतर मी ते दर रविवारी केलं. म्हातारी आली की वाटी. "आठवतं, वहिनींनी तेव्हा पूल कसा पाडला होता?" असं चष्मेवाला म्हणाला की वाटी. तिघे एकमेकांकडे बघून ओळखीचं हसले की वाटी. नियम माझ्या बाजूने होता. त्यांना विचारता येत नव्हतं आणि मला सांगावं लागत नव्हतं. चौथ्या रविवारी गोष्टीत उरलं काय, तर गढीच्या भिंती आणि जिने. धाकटी दोनदा जांभई देऊन गेली. डॉक्टरीण सहा वाजताच उठली, पेशंट आहे म्हणाली. रविवारी दात कोणाचा दुखतो कोण जाणे.

त्याच रविवारी मला दुसरी गोष्ट दिसली. गढीत माझ्यावर तीन दरोडेखोर धावून आले. त्यांच्या वारांचे फासे सांगणारा पुठ्ठ्यामागे टाकतो. पण त्याच्या पाठीमागे कपाटाची काच होती, आणि काचेत तो लिंबाएवढा फासा दिसत होता. लिफ्टच्या खड्ड्यात उतरून आरशात उलटे आकडे वाचण्यात माझी पस्तीस वर्षं गेली आहेत. फासा अठरावर थांबला.

"हुकला," चष्मेवाला म्हणाला. "वार भिंतीवर बसला."

पुढचा सतरा. "हा पण हुकला. दादा, तुमचं नशीब जोरावर आहे."

मग आठवून पाहिलं. चार रविवारांत माझ्या पहारेकऱ्याला एक ओरखडा उठला नव्हता. डॉक्टरिणीच्या चोराचा हात मोडला होता, धाकटी खंदकात पडता पडता वाचली होती. मी मात्र धडधाकट. म्हणजे मी कच्चं लिंबूच होतो. हा माणूस माझ्या टेबलावर बसून, माझ्या बायकोच्या वह्या उघडून, मला जपत होता. त्याने मला सरळ हरवलं असतं तर एवढा राग आला नसता.

त्या आठवड्यात मी वह्या वाचल्या. पाच वह्या, नऊ वर्षं. मी त्यांत मला शोधत होतो. एखादा लोहार, एखादा पहारेकरी, कोणीतरी माझ्यासारखा असेल. कोणी नव्हतं. नदीच्या म्हातारीबद्दल लिहिलं होतं : नाव पैसे घेत नाही. पलीकडे जायचं तर एक खरी गोष्ट सांगायची, जी टेबलावरच्या बाकी कोणालाही ठाऊक नाही. म्हणजे नऊ वर्षं हे तिघे हिला खऱ्या गोष्टी सांगत आले होते. हिने त्यांतली एकही मला कधी सांगितली नाही. आणि पहिल्या वहीच्या पुठ्ठ्याच्या आत लिहिलं होतं : इथे कच्चं लिंबू कोणी नाही.

मी होतो मात्र, दर रविवारच्या शेवटी. हिच्या बारीक अक्षरात, प्रत्येक वेळी तेच : "हे आले. थांबलो."

मी पानं उलटत गेलो. हे आले. थांबलो. हे आले. थांबलो. हे लवकर आले. थांबलो. वाटी चार वेळा आणि मी चारशे वेळा.

आता कोणालाही वाटेल, हे वाचून मी शहाणा झालो असेन. नाही झालो. पाचव्या रविवारी मी सगळ्यांच्या आधी बसलो आणि वाटी टेबलाच्या मध्यावरून ओढून माझ्या हाताशी ठेवली.

आम्ही गढीच्या अंगणात होतो. चष्मेवाला म्हणाला, "कोपऱ्यात विहीर आहे. आतून आवाज येतोय. लहान मूल रडतंय." मग डोकं खाजवत पुढे म्हणाला, "मागच्या खोलीतून एक हाक येते. घोगरी. नावाडिणीसारखी..."

मी वाटी पालथी घातली आणि वर हात ठेवून बसलो.

"बरं. हाक नाही," तो म्हणाला. थकलेला वाटला. "हाक काढली. विहीर आहे. मूल रडतंय, आणि आवाज बारीक होत चाललाय. पाण्यात काहीतरी..."

डॉक्टरिणीचा हात टेबलाच्या मध्यावर गेला. तिथे काही नव्हतं. तिने इकडे तिकडे चाचपलं. डोळे वर न उचलता, अंधारात चष्मा शोधावा तसं. मग तिला माझ्या हाताखाली वाटी दिसली. आधीच पालथी. तिने माझ्याकडे पाहिलं. मी हात उचलला नाही. मला कळलंच नाही, किंवा कळायला उशीर लागला. ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. तो बराच वेळ बंद झाला नाही.

चष्मेवाला तिच्यामागे जायला उठला. "तुम्ही बसा," धाकटीने त्याला सांगितलं आणि मला म्हणाली, "भावजी, बाहेर या."

आम्ही गॅलरीत गेलो. तिने दार ओढून घेतलं.

"ताईने वाटी पहिल्यांदा कोणासाठी ठेवली, माहीत आहे?"

"नाही."

"आत गेलीय ना, तिच्यासाठी. का, ते मलाही माहीत नाही. नऊ वर्षांत मी विचारलं नाही, कारण विचारायचं नसतं. त्या चार वेळा घातलेली वाटी तिनेच घातली होती. आज पाचव्यांदा हवी होती, तर तुम्ही तिच्यावर कोंबडीसारखे बसला होतात."

"मला माहीत नव्हतं."

"माहीत नसतंच कोणाला. म्हणून तर वाटी." तिचा आवाज चढला. "तुम्हाला कसली भीती वाटते म्हातारीची? सांगू नका, नियम आहे. पण मला दिसतं ना. चष्मेवाले ताईसारखं बोलले की तुमचा जळफळाट होतो."

"होतो," मी म्हणालो.

मी लगेच कबूल करीन असं तिला वाटलं नव्हतं. ती गार पडली.

"तुमच्याकडे नऊ वर्षांचे रविवार आहेत," मी म्हणालो. "माझ्याकडे 'हे आले, थांबलो' आहे."

"अहो, आमच्याकडे फक्त रविवार आहेत," धाकटी म्हणाली. "बाकीचे सहा वार तुमचेच होते की. ताईने तुम्हाला हाकललं नाही कधी. बोलावलं. तुम्ही नाही आलात." मग नाक पुसून म्हणाली, "आणि त्यांचंही चुकतंय. तुमच्यावरचे वार हुकतात, ते काय मला दिसत नाही? ताई असती तर तुम्हा दोघांचेही कान धरले असते. एक रडीचा डाव खेळतोय आणि दुसरा त्याला खेळू देतोय."

आम्ही आत आलो. डॉक्टरीण जागेवर येऊन बसली होती. तोंड धुतलेलं, पदराला पाणी. मी वाटी उचलली, सुलटी केली आणि तिच्यासमोर ठेवली. मग वाटलं ते जास्त होईल, म्हणून मध्ये सरकवली.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "ही माझी नव्हती."

"वाटी सगळ्यांची असते, काका," ती म्हणाली. "पण हाताखाली नसते."

"विहीर काढली," चष्मेवाला घाईने म्हणाला. "अंगणात विहीर नाही. कधीच नव्हती."

"आणि ऐका," मी त्याला म्हणालो. "काचेत फासा दिसतो. मागच्या वेळी अठरा आले होते, आणि सतरा."

त्याने मागे वळून कपाट पाहिलं. लोण्यासारखा माणूस कानापर्यंत लाल झाला. "दादा, मला वाटलं... तुमच्यावर आधीच एवढं..."

"माझ्यावर काय आहे ते माझ्यावर असू द्या. पुठ्ठा पाडा. माझ्यावरचे वार माझ्यासमोर टाका."

त्याने पुठ्ठा आडवा केला. धाकटी म्हणाली, "आता खेळ. कुठे होतो आपण?"

"जिथे पहिल्या दिवशी होतो तिथे," मी म्हणालो. "नदीवर. म्हातारीला बोलवा."

चष्मेवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मग वाटीकडे पाहिलं. मी दोन्ही हात मांडीवर घेतले. त्याने खांदे पुढे घेतले, मान तिरकी केली. "काय रे बाबा, चढतोस की नुसता काठावर वाळतोस?"

पोटात दुखलं. पहिल्या दिवशी दुखलं तेवढंच. मी हलवले नाहीत हात.

"चढतो," मी म्हणालो.

"मग टाक भाडं. एक खरी गोष्ट. यांच्यातल्या कोणाला ठाऊक नसलेली."

माझ्याकडे अशा खूप होत्या. बत्तीस वर्षांच्या. त्या माझ्या एकट्याच्या होत्या, म्हणूनच मी त्या धरून बसलो होतो. एक सांगितली की ती या तिघांचीही होणार, आणि हा माणूस ती उद्या घोगऱ्या आवाजात कोणाला तरी सांगेल. मला वाटलं, एखादी साधी सांगून टाकावी. माझ्या लहानपणातली. पण धाकटी माझ्याकडे बघत होती, आणि तिला मी देणं लागत होतो ती गोष्ट एकच होती.

"लिफ्ट बिघडली नव्हती," मी म्हणालो.

कोणाला कळलं नाही.

"हिच्या शेवटच्या महिन्यात. लिफ्ट उत्तम चालत होती. मी ती बंद केली आणि 'दुरुस्ती चालू' अशी पाटी लावली. ही लिफ्टला घाबरायची. लग्नानंतर एकदा चढली, दार बंद झालं आणि माझ्या हातात नखं रुतवली. त्यानंतर कधीच नाही. तिथून बत्तीस वर्षं जिना. आजारात दवाखान्यात न्यायचं तेव्हा मी तिला खुर्चीत बसवून जिन्याने उतरवायचो. लोक विचारायला लागले, एवढी आजारी बाई, लिफ्टने का नेत नाही? ही म्हणाली, लिफ्टवाल्याची बायको लिफ्टला घाबरते म्हटलं तर तुमचं तोंड कुठे राहील? म्हणून पाटी."

धाकटीने तोंडावर हात ठेवला. "आणि मी तुम्हाला..."

"शिव्या दिल्यास. तू एकटीनेच नाही, अख्ख्या इमारतीने दिल्या."

डॉक्टरीण म्हणाली, "थांबा. म्हणजे नऊ वर्षं काकू आम्हाला जिन्याने पळवायच्या, गुडघे गंजतील म्हणून..."

"गुडघ्यांचं नाव," मी म्हणालो. "कारण ते."

"मी दर रविवारी चार मजले धापा टाकत चढलोय!" चष्मेवाला स्वतःच्या आवाजात ओरडला. "वहिनी म्हणायच्या, तुमच्या हृदयाला चांगलं असतं!"

आधी डॉक्टरीण हसली. मग धाकटी, रडत रडत. मग चष्मेवाला, चष्मा काढून. ते तेच हसणं होतं, जिन्यापर्यंत यायचं ते. मी त्याच्यात बसलो होतो आणि ते खाली बसलं नाही. मीही हसलो असेन. पण हसताना मी मोजत होतो की माझ्याकडची एक कमी झाली. चष्मेवाल्याकडे हिचे रविवार होते आणि आता हा जिनाही त्याचा झाला. हे वाटायचं थांबलं नाही. थांबेल असं मला वाटतही नाही.

त्याने चष्मा लावला आणि पुन्हा म्हातारी झाला. "भाडं पोचलं. चढ. पण नाव डुलतेय हो. टाक फासा, तोल सांभाळायचा आहे."

"नऊच्या वर हवेत, काका," डॉक्टरीण म्हणाली.

मी हिचा लिंबाएवढा फासा उचलला आणि टेबलाच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल असा टाकला. तो वाटीला लागून टण्ण वाजला, फिरला आणि थांबला.

तीन.

दोघीही चष्मेवाल्याकडे बघायला लागल्या. पुठ्ठा नव्हता, लपवायला काही नव्हतं.

"बुडालात, दादा," तो म्हणाला.

"किती खोल?" मी विचारलं.